मण्याआधी भोक बघा: दागिने गाठवणाऱ्यांचे प्रश्न

घरी मणी ओवणाऱ्या, दोऱ्याच्या गाठींचे दागिने करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच दिसलं: मणी रंग बघून घेतले, दोरा हाताला लागला तो वापरला, आणि भोकाकडे कुणी पाहिलंच नाही. म्हणून उत्तरांत भोक, दोरा आणि गाठ यांच्या मापांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: आईचा ७ मिमीच्या मोत्यांचा १८ इंची सर एका वर्षात दोनदा तुटला. दोन्ही वेळा दुकानातून तंगुसात ओवून आणला होता. मधेमधे सोनेरी बारीक मणी आहेत. आता घरीच रेशमात गाठवायचा विचार आहे. दोरा कोणता घ्यावा? गाठी सारख्या कशा याव्यात? (सातारा)

उत्तर: तंगूस ओढून पाहिला तर दणकट वाटतो, पण तो गाठीपाशी आणि धातूच्या कडेपाशी दगा देतो. एकसंध, कडक धागा असल्यामुळे गाठीत त्याला तीव्र बाक पडतो आणि तिथेच तो कमजोर होतो. सोनेरी मण्याच्या भोकाची कड त्यावर चरा पाडते, हुकापाशी दाबून बसवलेला धातूचा मणी त्याला चावतो. शिवाय उजेडाने आणि वयाने तो ठिसूळ होतो. मोत्यांना तर तो मुळीच शोभत नाही, सर गळ्यावर अलगद पडण्याऐवजी ताठ उभा राहतो.

मोत्याला खरं रेशीमच हवं आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ हवी. मोती मऊ असतो. मोह्सच्या काठिण्य मापावर (१ सगळ्यात मऊ, १० सगळ्यात कठीण) तो २.५ ते ४.५ च्या दरम्यान बसतो. मोत्यावर मोती घासला की भोकाभोवतीची झिलई आधी जाते, मधल्या गाठीमुळे ते टळतं. आणि कधी दोरा तुटलाच, तर एखाददुसरा मोती निसटेल, सगळा सर जमिनीवर सांडणार नाही.

आता दोरा. मोती गाठवायचं रेशीम सुई जोडलेल्या कार्डावर मिळतं, एका कार्डावर २ मीटर. नंबर वाढेल तसा दोरा जाड: २ नंबर ०.४५ मिमी, ४ नंबर ०.६० मिमी, ६ नंबर ०.७० मिमी. तुमचे मोती गोड्या पाण्यातले असतील तर भोकं बहुधा ०.६ ते ०.८ मिमीची असतील. ४ नंबरपासून सुरुवात करा. दोरा भोकातून किंचित अडत पार व्हायला हवा. सळकन गेला तर गाठ भोकात शिरणार, मग ६ नंबर घ्या.

ओवण्याआधी दोरा कार्डावरून पूर्ण सोडवा आणि टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून रात्रभर टांगून ठेवा. रेशीम ताणलं जातं. हा ताण आधी काढला नाही तर महिन्याभरात गाठी आणि मोती यांच्यात फट दिसू लागेल.

लांबीचा हिशेब करून ठेवा. मोती ७ मिमी, गाठ साधारण १ मिमी, म्हणजे प्रत्येक मोत्यामागे ८ मिमी. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. हूक आणि कडीचे २० मिमी सोडले तर ५४ ते ५५ मोती लागतात. गाठींशिवाय ओवला असता तर तेवढ्याच जागेत ६२ बसले असते. म्हणजे आईचे सगळे मोती पुन्हा वापरलेत तर सर लांब होईल, नाहीतर काही मोती उरतील. उरलेल्यांत कानातले होतात. एक गाठ ६ ते ८ मिमी दोरा खाते, त्यामुळे एका सराला एक कार्ड पुरून उरतं.

आता सुरुवात. दोऱ्यात आधी तीन मोती ओवा. त्यांच्या पुढे जरदोसीत वापरतात त्या दबक्याचा (बारीक तारेच्या पोकळ गुंडाळीचा) ७ ते ८ मिमीचा तुकडा ओवा, मग हूक. सुई परत वळवून हुकाजवळच्या मोत्यातून मागे आणा आणि ओढा. दबका हुकाच्या कडीभोवती गोल वळतो आणि दोरा धातूला थेट लागत नाही. मोत्याच्या मागे गाठ मारा. मग सुई दुसऱ्या मोत्यातून काढून गाठ, तिसऱ्यातून काढून गाठ. या तीन मोत्यांतून दोरा दोनदा जातो, तसाच शेवटच्या तीनांतूनही, म्हणून या सहा मोत्यांची भोकं हिऱ्याची पूड लावलेल्या रीमरने ०.८ ते ०.९ मिमीपर्यंत मोठी करून घ्या. रीमर हातानेच फिरवा आणि मोती पाण्यात बुडवून धरा. कोरडा घासला तर मोती तापून तडकतो आणि त्याची पूड श्वासात जाते.

पुढे एकेक मोती ओवायचा. त्यामागे दोऱ्याची साधी गाठ सैल धरायची, तिच्या फाशात जाड सुईचं टोक घालायचं आणि सुईने फासा सरकवत अगदी मोत्याला भिडवायचा. गाठ आवळताना सुई मोत्याला टेकलेलीच ठेवा, शेवटच्या क्षणी काढा आणि अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्याकडे लोटा. गाठी सारख्या यायच्या असतील तर दरवेळी ओढ सारखी हवी, आणि ती पहिल्या दहा गाठींनंतरच हाताला कळते. त्या दहा गाठी स्वस्तातल्या मण्यांवर मारा, आईच्या मोत्यांवर नको. सर मधेच उचलून बघत राहा. काठीसारखा ताठ राहिला तर गाठी फार घट्ट झाल्यात, मोती दोऱ्यावर हलले तर सैल.

शेवटचे तीन मोती ओवताना मधे गाठी मारू नका, फक्त दोन्ही फटींत दीड-दीड मिमी जागा सोडा. दबका, कडी, मग परत येताना त्या फटींत गाठी. शेवटच्या गाठीवर दागिन्यांच्या चिकटपदार्थाचा अगदी बारीक थेंब सुईच्या टोकाने लावा, दोरा पुढच्या मोत्यात घालून मग कापा. घरातला झटपट चिकटणारा गोंद इथे नको. त्याने रेशीम काडीसारखं कडक होतं आणि कडक भाग जिथे संपतो तिथे मोडतं, शिवाय मोत्यावर पांढरी धुरकट छटा येते.

ते सोनेरी बारीक मणी काढून टाका, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांचं भोक मोठं, कड धारदार. हवेच असतील तर ५-६ मोत्यांनंतर एकच, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गाठ. अत्तर, केसांचा स्प्रे आधी, मोती शेवटी. काढल्यावर ओलसर सुती कापडाने पुसून आडवे ठेवा, टांगू नका. वरचेवर वापरात असेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा गाठवा. गाठीजवळ दोरा काळा पडला की वेळ झाली समजा.

प्रश्न: माझं ब्रेसलेट चार पदरांचं आहे, मधले दोन स्थिर आणि बाजूचे दोन गाठींचे. चौकोनी गाठी मारत जाते, पण पट्टी सपाट न येता आपोआप पिळत जाते. दोरा किती कापायचा याचाही अंदाज येत नाही, दरवेळी शेवटी कमी पडतो. (नाशिक)

उत्तर: पट्टी पिळते याचा अर्थ तुम्ही चौकोनी गाठ मारतच नाही, तिचा पहिला अर्धा भागच पुन्हा पुन्हा मारता. अर्धी गाठ दरवेळी डावीकडूनच सुरू झाली की पीळ पडतोच. (मुद्दाम पिळाची पट्टी करायची असेल तेव्हा असंच करतात.) पूर्ण गाठीत पहिला अर्धा भाग डावीकडून, दुसरा उजवीकडून.

विसरायला होत असेल तर बाजूचे दोन पदर दोन रंगांचे घ्या, समजा लाल आणि काळा. सपाट पट्टीत मधल्या पदरांच्या पुढून जाणारा पदर नेहमी एकाच रंगाचा असतो. एकदा लाल पुढून गेला की शेवटपर्यंत लालच पुढून जायला हवा, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. काळा पुढे आला की तिथे चुकलं. लगेच उसवा.

दोऱ्याचा हिशेब: १ मिमीच्या मेणलावल्या सुती दोऱ्यात बाजूचा प्रत्येक पदर विणायच्या लांबीच्या ५ ते ६ पट लागतो. १४ सेंमी विणायचं असेल तर एका बाजूला ७५ ते ८५ सेंमी, म्हणजे १६०-१७० सेंमीचा एकच तुकडा घेऊन मध्यावर बसवायचा. मधले पदर मात्र जेमतेम वाढतात, मनगटाचं माप अधिक बांधायला २० सेंमी पुरे. मधे मणी ओवलात की तेवढ्या भागात गाठींचा दोरा वाचतो. टोकं जाळून बंद करायची तर दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा वितळत नाही, नुसता जळतो.

प्रश्न: रुद्राक्ष, पितळी मणी, काच आणि अकीक असे एकत्र ओवून माळा करते. सुती दोरा मेणाचा, चांगला जाड. तरी दोन-तीन महिन्यांत तुटतो आणि बहुतेक वेळा पितळी मण्याजवळच. स्टीलची तार वापरावी का? (सांगली)

उत्तर: तारेकडे वळण्याआधी पितळी मणी तपासा. पत्र्याचे पोकळ मणी भोक पाडताना आतल्या बाजूला धार सोडतात. कापसाचा बोळा भोकावरून फिरवा, तंतू अडकले तर धार आहे. बारीक गोल कानस भोकात दोन-तीन वेळा हलकेच फिरवली की ती जाते, दोन्ही बाजूंनी करा. त्याउपर मण्याच्या दोन्ही अंगांना २ मिमीची काचेची गोल पोत (बारीक मणी) घाला. पोत भोकाच्या तोंडाशी बसते आणि दोरा कडेला टेकत नाही.

काचेतही दोन प्रकार दोरा कापतात. पहिला नळीच्या आकाराचे लांबट मणी. ते कापून केलेले असतात, टोकं तासलेली नसतात. प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना गोल पोत घातली की निम्मा त्रास संपतो. दुसरा हाताने ज्योतीवर केलेले मणी. ते ज्या सळईवर करतात तिला लावलेला पांढरा लेप भोकात राहून जातो, आणि तो दोऱ्याला खरकागदासारखा घासतो. मणी पाण्यात भिजवून, भोकात बारीक तारेचा ब्रश फिरवून धुवा. कोरडा खरवडू नका, ती पूड नाकात जाऊ देऊ नये.

स्टीलच्या अनेक बारीक तारांची, नायलॉनचं वेष्टन असलेली केबल पितळ आणि अकीकासाठी उत्तम. मोती किंवा मऊ लाकूड असेल तिथे मात्र ती नको, भोक हळूहळू लांबट करत जाते. तुमच्या माळेत रुद्राक्ष आहेत, तर १ मिमीचा विणलेला नायलॉन घ्या. सुती दोरा घामाने आणि रुद्राक्षाला लावलेल्या तेलाने कुजतो. जपमाळेत दोन मण्यांमध्ये गाठ असते ती बोट मण्यावरून पुढे सरकायला जागा मिळावी म्हणून, पण तीच गाठ जड मण्यांना एकमेकांवर आपटूही देत नाही. गळ्यातल्या माळेतही ती ठेवा. रुद्राक्षाचं भोक वेडंवाकडं आणि प्रत्येकाचं निराळं असतं, त्यामुळे दोऱ्याचं माप सगळ्यात लहान भोकावरून ठरतं आणि गाठीचं माप सगळ्यात मोठ्या भोकावरून. दोन्ही एका दोऱ्यात जमत नसेल तर मोठ्या भोकाजवळ दुहेरी गाठ मारा.

शेजार कुणाचा, हेही बघा. खंभातहून येणारा अकीक काठिण्यात ७ च्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास, पितळ ३ ते ४. अकीक पितळेला लागून बसला तर पितळेवर चरे येणारच. मधे गाठ, लाकडाची चकती किंवा रुद्राक्ष हवा. आणि जड मणी मध्यावर, हलके मानेकडे. उलटं झालं की माळ फिरून हूक पुढे येतो, मग हुकाला दोष दिला जातो.

प्रश्न: १६ इंची माळेला किती मणी मागवू? (अकोला)

उत्तर: गाठींशिवाय ४ मिमीचे १००, ६ मिमीचे ६७-६८, ८ मिमीचे ५०. गाठी मारणार असाल तर प्रत्येक मण्याच्या मापात १ मिमी मिळवून ४०६ ला (१६ इंच म्हणजे ४०६ मिमी) त्याने भागा. वर दहा टक्के जास्त मागवा, भोक नसलेले, अर्धवट भोकाचे निघतातच. पोतीच्या बाबतीत नंबर उलटा चालतो हे लक्षात असू द्या. ८ नंबरची पोत साधारण ३ मिमी, ११ नंबरची २ मिमी, १५ नंबरची दीड मिमी.

प्रश्न: ठुशी आणि चिंचपेटीला मागे रेशमाचा सरकता गोंडा असतो तसा मला करता यावा असं वाटतं. बाजारातून आणलेला गोंडा दोन वेळा घातला की सरकून सैल होतो आणि ठुशी खाली उतरते. (ठाणे)

उत्तर: गोंड्याचे तीन भाग असतात: पिळाची दोरी, दोन्ही दोऱ्यांना आवळून धरणारी सरकती वेढणी आणि टोकाचे झुबके. सैल होतो तो वेढणीमुळे, पण सुरुवात दोरीपासूनच करावी लागते, कारण गुळगुळीत, सैल पिळाच्या दोरीवर कोणतीही वेढणी टिकत नाही.

दुकानात ‘सिल्क थ्रेड’ म्हणून मिळणारी रिळं बहुतेक कृत्रिम असतात. पाच सेंमीचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटाने चुरडणारी राख आली तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. व्हिस्कोस चमकतं छान, पण ओलं झालं की कमजोर पडतं, म्हणून मानेच्या घामाशी त्याची गाठ घालू नये. खरं रेशीम मिळत नसेल तर या एका कामाला पॉलिएस्टर चालेल.

एका बाजूची तयार दोरी ३२-३४ सेंमी हवी असेल तर बारीक दोऱ्याचे १२ पदर ८० सेंमी कापा. ठुशीच्या टोकाच्या कडीतून ते पदर निम्म्यावर ओवा, म्हणजे दोन्हीकडे ४०-४० सेंमी. आता दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेने पिळत जा, बोट सैल करताच दोरा स्वतःवर गुंडाळू लागेल इतका पीळ हवा. मग दोन्ही टोकं एकत्र धरा आणि सोडा, ते उलट्या दिशेने एकमेकांवर चढतात. हाताने कडीकडून खाली निरपत या, पीळ सारखा बसेल. टोकाला गाठ. कडीपाशी गाठ न येता दोरी जोडली गेली. दुसरी बाजूही तशीच, आणि दोन्हीकडचा पीळ त्याच दिशेचा ठेवा.

वेढणीसाठी त्याच रंगाचा थोडा जाड दोरा ६० सेंमी घ्या. दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी धरा. जाड दोऱ्याचा एका टोकाशी ३ सेंमीचा लांबट फासा करून तो दोऱ्यांच्या लांबीला समांतर, त्यांच्या अंगाला लावून ठेवा आणि उरलेल्या दोऱ्याने त्याच्यावरून १२ ते १४ वेढे घट्ट, एकाला एक चिकटून द्या. शेवटचं टोक फाशातून काढा, मग फाशाचं पहिलं टोक ओढा, फासा दुसऱ्या टोकाला घेऊन वेढ्यांच्या आत जातो. दोन्ही शेपट्या कापा.

आता कस लावा. ठुशी उलटी टांगा. तिच्या वजनाने वेढणी हलता कामा नये, पण अंगठ्याने जोर देऊन सरकली पाहिजे. हललीच तर वेढे उसवून दोन-तीन वाढवा आणि दोऱ्याला मेणाचा हलका हात द्या. अजिबात हलत नसेल तर पुन्हा वेढताना दोऱ्यांच्या बाजूला एक दात कोरायची काडी ठेवून वेढा आणि शेवटी काडी काढून घ्या. बाजारच्या गोंड्यात वेढे बहुधा सातआठच असतात, सैल होण्याचं कारण तेच.

वेढणीवर जरीचा दोरा चढवायची हौस असेल तर गोल कसब (दोऱ्याभोवती गुंडाळलेली जर) वापरा. चपटा बादला (धातूची सपाट तार) रेशमाला कापतो.

झुबक्यासाठी ५ सेंमीच्या पुठ्ठ्यावर ४० वेढे द्या, ८० पदर होतात. वरचा दुमडा बांधा, १ सेंमी खाली मान आवळायला आठ वेढे द्या, खालून कापा. दोरीची टोकाची गाठ झुबक्याच्या डोक्याच्या आत जाईल असा बांधायचा. त्यामुळे वेढणी दोरीवरून निसटूही शकत नाही. उभ्या वाफेवर पाच-दहा सेकंद धरून कंगव्याने विंचरा आणि मग टोकं छाटा. आधी छाटून मग वाफ दिली तर लांबी पुन्हा वरखाली दिसते.

प्रश्न: खणाचं पदक, भोवती पितळी पुतळ्या आणि मोती असा हार करते. खणाच्या कडा महिन्याभरात विसकटतात. (पुणे)

उत्तर: गुळेदगुडचा खण असो की यंत्रमागाचा, तो कापला की किनारीचे धागे सुटणारच. कापायच्या आधी मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावा, इस्त्री मध्यम गरम आणि वाफेशिवाय. आकारापेक्षा ८ मिमी जास्त कापड ठेवा, गोलाकारात मार्जिनला दर सेंमीला छेद द्या आणि मागे वळवून चिकटवा. ३ मिमीच्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीवर) बसवत असाल तर टांगायचं भोक आधी पाडा, कापड चढल्यावर नाही. पुतळ्या कापडाला टाचू नका. हाराची कडी एमडीएफच्या भोकातून घेऊन सगळं वजन पाठीवर येऊ द्या. मागच्या बाजूला फेल्टचा तुकडा लावला की घाम कापडापर्यंत पोचत नाही. पाण्यात धुता येत नाही, हे विकताना गिऱ्हाइकाला सांगून ठेवा.

प्रश्न: जानेवारीत सुनेची पहिली संक्रांत आहे. काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घरीच करायचे आहेत. मागे नणंदेच्या नातवाच्या बोरन्हाणाला केले होते, तर दोन दिवसांत चिकट झाले आणि दाणे गळाले. काय चुकलं असेल? (पनवेल)

उत्तर: तीन ठिकाणी चुकलं असण्याची शक्यता आहे: गोंद, दोरा आणि साठवण.

दाणे पांढऱ्या गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवले असतील तर तो गोंद पाण्याचा असतो. हलव्याची साखर त्यातलं पाणी शोषते, काटे विरघळतात आणि दाणा चिकट होतो. वरून तुमच्याकडे खाडीची दमट हवा. चिकटवायचंच असेल तर गरम गोंदाच्या बंदुकीने ठिपका आधी पुठ्ठ्यावर द्यायचा, तीन-चार सेकंद थांबायचं, मग दाणा दाबायचा. तरी ते दाणे खायचे नाहीत. त्यापेक्षा दोऱ्यात गाठवलेला हलवा जास्त टिकतो आणि दिसतोही फार सुंदर, म्हणून निदान हार, बाजूबंद आणि कंबरपट्टा तरी गाठवूनच करा.

हलव्याला भोक पाडायचं नाही. सुई घातली की साखरेचा थर तडकतो. ४० नंबरचा पांढरा सुती दोरा दुहेरी घ्या आणि टोकाला गाठ मारा. दोन पदर बोटांनी फाकवून त्यांच्यामध्ये दाणा धरा, एक पदर एका अंगाने, दुसरा समोरच्या अंगाने, दोन्ही काट्यांमधल्या खाचेत बसलेले. दाण्याला भिडवून दोन्ही पदरांची मिळून गाठ मारा. मग पुढचा दाणा. दाणा दोन गाठींच्या मध्ये, दोन पदरांच्या कुशीत अडकतो. काटे चांगले असतील तर दोरा घसरत नाही. नायलॉन किंवा चमकदार रेशीमदोरा मात्र घसरतो, दाणे गळण्याचं ते नेहमीचं कारण. आणि एकच गाठ पुरे समजू नका. साखर घासून जरा झिजली की ती सैल पडते, प्रत्येक ठिकाणी दुहेरी गाठ मारा.

दाणे निवडताना पाच-सहा घेऊन तळहातावर चोळा. पांढरी पूड झाली तर काटा कच्चा आहे, तो खायला ठेवा. ५ मिमीचा दाणा आणि १ मिमी गाठ धरली तर १० सेंमीला १६ दाणे, म्हणजे ६० सेंमीच्या एका सराला साधारण १००. २.६ मापाच्या बांगडीचा आतला व्यास ६० मिमीच्या आसपास, तिच्या बाहेरच्या कडेने एका ओळीला ३२-३३ दाणे. त्यावरून किती हलवा लागेल ते काढा आणि निवडीत बाद होणाऱ्यांसाठी निम्मा आणखी घ्या.

मंगळसूत्रात काळ्या दाण्यांचा हट्ट नको. काळा रंग ओला झाला की साडीला नाही, पण गळ्याला लागतो. तिथे सरळ काचेची काळी पोत ओवा आणि वाट्यांच्या जागी हलवा गाठवा. नथीला २६ गेजची तार वळवून तिच्यावर गाठवलेली लड गुंडाळा, तार दाण्यातून घालू नका. पुठ्ठ्यावरचे तुकडे साटीनने मढवून, लड वरून सुईदोऱ्याने टाचून घ्या. मुलाचा हार आणि हातातला नारळही याच लडींनी होतो. नारळाला खालून वर लड गुंडाळत जा, वरून सुरुवात केली तर शेवटची फेरी घसरते.

काम दुपारी, कोरड्या हवेत करा. हात सुती फडक्याला सारखे पुसत राहा, घाम येत असेल तर दाणा चिमट्याने धरा. संक्रांतीच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात पुरते, महिनाभर आधी करून ठेवण्यात लाभ नाही. तयार दागिना घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कागदाच्या थरांमध्ये ठेवा. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकलीत तर ती वेगळ्या कापडी पिशवीत, वर लिहून ठेवा, हलव्याबरोबर कुणाच्या तोंडात जायला नको. फ्रिजमध्ये मुळीच नाही. बाहेर काढताच थंड साखरेवर दव जमतं आणि सगळं काम एका तासात पाणावतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बोरन्हाणाचं बाळ अगदी लहान असतं. हलव्याचा दाणा टणक आणि नेमका श्वासनलिकेत अडकेल एवढा असतो. बाळाच्या अंगावर फक्त पुठ्ठ्यावर टाचलेला मुकुट आणि बाजूबंद घाला, गळ्यात सुटी लड नको, टाचण्या कुठेही नकोत, आणि फोटो झाला की लगेच उतरवा. उतरवल्यावर दाणे मोजायची गरज पडू नये म्हणून बाळाच्या तुकड्यांना तिहेरी गाठ मारा.

प्रश्न: माझ्याकडून घेतलेल्या जर्मन सिल्व्हरच्या कानातल्यांनी एका ताईंच्या कानाला खाज आणि पुरळ आलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची मान पितळी माळेने हिरवी झाली. पारदर्शक नेलपॉलिश लावून चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हिरवा डाग तांब्याचा. पितळेतलं तांबं घामाशी संयोग पावतं, डाग साबणाने जातो आणि त्याने अपाय होत नाही. माळेच्या मानेकडच्या भागात पितळेऐवजी दोरा ठेवा, तक्रार निम्मी होईल.

खाज मात्र बहुधा निकेलची. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. निकेलची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, म्हणून त्या ताईंना त्या धातूचं दुसरं डिझाइन देऊ नका. नेलपॉलिश कानाच्या भोकात घासून काही दिवसांत निघतं, त्याच्या भरवशावर विकणं बरोबर नाही. खालचं लोलक जर्मन सिल्व्हरचं राहू द्या, पण कानातून जाणारा हूक बदला: टायटॅनियम, निओबियम किंवा ९२.५ ची चांदी. हूक बदलायला दोन टोकदार पकडी लागतात. कडी बाजूला खेचून उघडू नका, एक टोक पुढे, एक मागे असं फिरवून उघडा आणि तसंच फिरवून मिटवा, म्हणजे तिची गोलाई बिघडत नाही आणि फट राहत नाही. विकताना प्रत्येक पाकिटावर हुकाचा आणि लोलकाचा धातू वेगवेगळा लिहा.